पुण्यात नोकरीच्या प्रकरणासाठी अनुभवी वकील कसा शोधावा? अनुभव हवे आहेत

निशिगंधा (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

खराडीतल्या एका कंपनीत मी सात वर्षं काम केलं. परदेशी विमा कंपनीचे दावे तपासायचे, चुका काढायच्या, दुरुस्त करून पुढे पाठवायचे, असं काम. शेवटची दोन वर्षं पदाचं नाव 'टीम लीड' होतं. गेल्या वर्षी मुलगा झाला, २६ आठवड्यांची रजा घेतली आणि परत रुजू झाले. तिसऱ्याच आठवड्यात हातात 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन' ठेवला, म्हणजे काम सुधारा अशी लेखी ताकीद. आधीची सगळी अप्रेझल चांगली होती, दोनदा तर बक्षीसही मिळालं होतं.

मग एका मंगळवारी दुपारी साडेतीनला मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरच्या दोघी आणि माझे मॅनेजर. टेबलावर माझ्या नावाचं राजीनामापत्र छापून तयार होतं. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, तारीख आदल्या दिवशीची. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं अनुभवपत्र, नाही केली तर काढून टाकल्याची नोंद होईल आणि पुढची नोकरी मिळताना जड जाईल, असं सांगितलं. पावणेसहा वाजेपर्यंत बसवून ठेवलं. बाळाला पाजायची वेळ टळून गेली होती, कुर्ता ओला झाला होता, ओढणी पुढे ओढून बसले होते. सही मात्र केली नाही. लॅपटॉप तिथेच काढून घेतला. रात्री नऊला मेलवर सेवासमाप्तीचं पत्र आलं. आज त्याला १९ दिवस झाले.

अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, 'चांगला सिव्हिल राइट्स आणि एम्प्लॉयमेंट लॉयर गाठ.' आमच्या घरात वकील लागला तो फ्लॅटच्या व्यवहाराला. ओळखीतल्या एका वकिलांकडे गेले तर त्यांनी पत्र न वाचताच 'नोटीस ठोकू' म्हणून फी सांगितली. सासरे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते.

अशा प्रकरणांचा वकील पुण्यात नेमका कुठे शोधतात? चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? ज्यांनी यातून गेलं आहे त्यांनी कृपया लिहा.

चंद्रभागा (रविवार, रात्री ११:०५)

सही केली नाहीस हे फार मोठं काम केलंस. आधी नीट झोप, बाळाला जवळ घे. इथे माणसं आहेत मदतीला.

काळा_कोट (सोमवार, सकाळी ८:१५)

मी शिवाजीनगरला वकिली करतो, पण जमिनीच्या आणि वाटपाच्या दाव्यांत. या कामात माझा काही स्वार्थ नाही. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे इथे कोणी वकील स्वतःहून 'माझ्याकडे या' म्हणाला तर तिथूनच सावध व्हा.

तुमच्या मावसभावाने सांगितलेली शाखा आपल्याकडे त्या नावाने नाही. संविधानातली १४ ते १६ ही समानतेची कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. खासगी कंपनीने भेदभाव केला तर एकच सरसकट कायदा नाही. बाळंतपणासाठी वेगळा, लैंगिक छळासाठी २०१३ चा, दिव्यांगांसाठी २०१६ चा, जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. म्हणून तुम्ही 'कामगार न्यायालयात नियमित उभा राहणारा वकील' शोधा. फौजदारीतलं मोठं नाव इथे उपयोगी पडेलच असं नाही.

दोन गोष्टी लगेच पाहा. पहिली, मुदत. प्रसूती रजेमुळे काढलं असेल तर पत्र हातात पडल्यापासून ६० दिवसांत दाद मागण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती, ती नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवली आहे. तुमचे १९ गेले. दुसरी, तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'कामगार' आहात का. यावर कंपनी सगळ्यात जास्त भांडेल. लोकांचा समज असतो की पगार जास्त म्हणजे कामगार नाही. तसं नाही. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्याला, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात महिना १०,००० रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. पदाचं नाव काय यापेक्षा दिवसभर हाताने काय काम करत होता हे न्यायालय बघतं. तुम्हाला कोणाची रजा मंजूर करायचे, कोणाला कामावर घ्यायचे किंवा काढायचे अधिकार होते का?

निशिगंधा (सोमवार, सकाळी ९:०२)

नाही. रजेचा अर्ज मॅनेजरकडेच जायचा. मी इतरांसारखेच दावे तपासायचे, वर आठवड्याचा तक्ता भरायचे एवढंच.

काळा_कोट (सोमवार, सकाळी ९:२०)

मग हे जसंच्या तसं कागदावर लिहून ठेवा. सकाळी लॉगिन केल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय करायचात ते, तासातासाने. तुमच्या प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान ठरेल.

पल्याड (सोमवार, दुपारी १२:३०)

न्यू जर्सीत राहतो, म्हणून मावसभाऊ असं का म्हणाला ते सांगतो. इथे १९६४ चा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट खासगी कंपन्यांनाही लागू आहे. आधी ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे तक्रार करावी लागते, १८० दिवसांत, आणि राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. वकील बऱ्याचदा आधी काही घेत नाहीत, जिंकल्यावर रकमेतला वाटा घेतात. भारतात हे चालतं का?

काळा_कोट (सोमवार, दुपारी १:१०)

चालत नाही. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. कोणी 'जिंकलो तर तीस टक्के द्या' म्हणाला तर तो नियम मोडतोय, आणि पहिल्या भेटीतच मोडतोय.

जुना_कामगार (सोमवार, संध्याकाळी ७:४५)

ताई, मी ३१ वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात काढली, त्यातली बरीचशी युनियनच्या कामात. कोर्टाची पायरी चढू नये असं माझे वडीलही म्हणायचे. पण आमची पायरी मालकाने चढवली होती. १९९८ साली आम्हा चौदा जणांना गेटवर अडवून पत्र दिलं.

वकील निवडताना आम्ही काय चूक केली ते सांगतो. पेपरात नाव यायचं अशा एका मोठ्या फौजदारी वकिलाकडे गेलो. ऑफिसात एसी, बाहेर रांग. त्यांनी फाइल ठेवून घेतली आणि 'मुलं बघतील' म्हणाले. आम्ही दर आठवड्याला फेरी मारायचो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांत करायची असते, हे त्या ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. मुदत गेली. मग उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज, त्यावर कंपनीचं म्हणणं, त्यावर युक्तिवाद. चौदा महिने नुसत्या त्या अर्जात गेले, मूळ प्रकरणाला हातही लागला नव्हता.

शेवटी एका मिलमधल्या जुन्या सोबत्याने शिवाजीनगरच्या गल्लीतला एक वकील दाखवला. दोन खुर्च्या आणि एक लाकडी कपाट एवढंच ऑफिस. त्यांनी चहा सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, 'काढल्याचं पत्र कुठाय? तारीख वाचा.' मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं गेलेल्या महिन्याचं पान फाडलं, ते उलटं करून त्यावर सरळ रेघ ओढली. नोकरीला लागलो ती तारीख एका टोकाला, पत्राची तारीख दुसऱ्या टोकाला, मधे एकेक खूण: युनियनची मागणी कधी दिली, मेमो कधी आला, चौकशी झाली का. चौदा जणांच्या चौदा रेघा. तासाभराने म्हणाले, 'तुमच्यातल्या तिघांचं प्रकरण कच्चं आहे, कारण गैरहजेरीचे मेमो त्यांनी सही करून घेतलेत. त्यांना आत्ताच सांगतो, खोटी आशा लावत नाही.' त्या क्षणाला मला माणूस पटला.

नऊ वर्षं लागली. आठ जण परत कामावर लागले, तिघांनी रक्कम घेऊन तडजोड केली. बाकीचे तिघे वाट बघून गावी गेले, त्यांचं वाईट वाटतं अजून.

शोधायची रीत सांगतो. एक सकाळ काढा आणि कामगार न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा. कामकाज उघडं असतं, कोणीही बसू शकतं. पुकारा झाल्यावर कोण स्वतः उभं राहतं, कोण नुसती पुढची तारीख मागतं, उलटतपासात कोणाच्या हातात कागद खुणा करून ठेवलेले असतात, सगळं दोन तासांत दिसतं. मग बाहेर व्हरांड्यात बसलेल्या कामगारांना विचारा. ते खरं सांगतात. आणि वकील कामगारांच्या बाजूने उभे राहतात की कंपन्यांच्या, तेही विचारा. दोन्हीकडची कामं करणारेही चांगले असतात, पण तुमच्या कंपनीचं काम ते करत नाहीत ना एवढी खात्री हवी.

अभिजित_चिंचवड (सोमवार, रात्री ११:५०)

जुना_कामगार काका, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी चार वर्षांपूर्वी हिंजवडीत असंच छापलेलं पत्र पाहिलं होतं. मी सही केली. घरी गृहकर्जाचा हप्ता, वडिलांचं डायलिसिस. त्या खोलीत मला दुसरं काही सुचलं नाही.

आठ दिवसांनी वकील केला. दबाव टाकून राजीनामा घेतला हे सिद्ध करायची जबाबदारी आता आपल्यावर, हे त्याने मला सांगितलंच नाही. उलट 'केस एकदम पक्की आहे' म्हणाला. दीड लाख आधी घेतले, पावती दिली नाही. पहिल्या तारखेला स्वतः आला, नंतर दर वेळी वेगळा ज्युनियर. एकदा तर त्या मुलाने कोर्टात मलाच विचारलं, 'तुमचं नाव काय हो?' वर्षभराने मी स्वतः रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीच्या) नकला काढल्या तेव्हा कळलं की तीन तारखांना आपल्या बाजूने कोणीच हजर नव्हतं.

निशिगंधा, तुम्ही पावणेसहापर्यंत बसून राहिलात आणि सही केली नाहीत. मला ते जमलं नव्हतं. तुमच्या हातात माझ्यापेक्षा खूप जास्त आहे.

काळा_कोट (मंगळवार, सकाळी ७:४०)

अभिजित, अजून त्याच वकिलाकडे असाल तर बदलता येतं. जुन्या वकिलाकडून ना हरकत घेऊन नव्याचं वकीलपत्र दाखल होतं. तो देत नसेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते. आणि फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलं आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

सगळ्यांसाठी: ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधता येतं. किती प्रकरणं चालू आहेत, किती निकाली निघाली, शेवटची तारीख कधी होती, सगळं दिसतं. तुमच्या स्वतःच्या प्रकरणाची पुढची तारीखही तिथेच बघत जा, वकिलाच्या फोनची वाट बघू नका.

अभिजित_चिंचवड (मंगळवार, सकाळी ८:३०)

बदलला आहे. तडजोड झाली, थोडी रक्कम मिळाली. वडील मात्र तोवर राहिले नव्हते.

चंद्रभागा (मंगळवार, सकाळी ९:१०)

अभिजित, वाचून गलबलून आलं. तुम्ही इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

पारिजात (मंगळवार, रात्री ९:३०)

मी चौदा वर्षं एचआरमध्ये होते, आता सोडलंय. अशा खोल्यांमध्ये टेबलाच्या पलीकडे मी बसलेली आहे आणि त्याचं ओझं आहे माझ्यावर, म्हणून लिहिते.

कंपनी घाबरते ती कागदांना. तुमचा लॅपटॉप घेतला तरी बरेच कागद तुमच्याच हातात असतात. पीएफचं पासबुक तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर आहे, त्यात दर महिन्याचा भरणा दिसतो. आयकराच्या २६एएस मध्ये कंपनीने कापलेला कर दिसतो. नेमणुकीचं पत्र, पगारपत्रकं, रजा मंजुरीचं मेल, बक्षिसाचं प्रमाणपत्र, आधीच्या अप्रेझलची पत्रं, हे सगळं शोधा. त्या दिवशीचा कॅबचा किंवा बसचा तपशील असेल तर तोही ठेवा, किती वाजता बाहेर पडलात ते त्यातून कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका आणि फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

एक मात्र करू नका. ओळखीच्या सहकाऱ्याला सांगून कंपनीच्या ग्राहकांच्या फाइली बाहेर काढू नका. मग कंपनी तेच धरून बसते आणि तुमचं मूळ प्रकरण बाजूला पडतं. कंपनीकडचे कागद हवे असतील तर वकील न्यायालयामार्फत मागवू शकतो.

आणि हिशेबाचे पैसे. वेतन संहितेप्रमाणे काढून टाकल्यावर किंवा राजीनाम्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देणं द्यायला हवं. 'सही कराल तर हिशेब देऊ' हे वाक्य मी स्वतः वापरलेलं आहे. त्याला कायद्याचा आधार नाही.

खडू_फळा (बुधवार, दुपारी ४:००)

थोडं वेगळं, पण उपयोगी पडेल. मी खासगी अनुदानित शाळेत शिक्षिका होते. आम्हाला कामगार न्यायालय नाही, शाळा न्यायाधिकरण आहे, आणि खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्याप्रमाणे अपील ३० दिवसांत करावं लागतं. माझ्या पहिल्या वकिलांनी कामगार आयुक्तांकडे अर्ज लावला आणि तिथे दीड महिना गेला. तेव्हा आपला मालक कोण आणि दार कुठलं, हे आधी विचारून घ्या. राज्य सरकारी नोकर असेल तर मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), केंद्राचा असेल तर कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), दोन्हींसाठी पुणेकरांना मुंबई गाठावी लागते.

घाटमाथा (बुधवार, रात्री १०:२५)

खडू_फळा, अगदी खरं. माझे मेहुणे एका सरकारी उपक्रमात चालक होते. मधुमेहाने नजर गेली, वैद्यकीय तपासणीत नापास झाले आणि घरी बसवलं. सगळे म्हणाले, नशीब. एका सेवाविषयक वकिलांनी पहिल्याच भेटीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० मराठीत वाचून दाखवलं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावं लागतं. माझ्या ताईने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. मेहुणे आज त्याच उपक्रमात चौकशी खिडकीवर बसतात. खांबांच्या अंतरावरून चालत खिडकीपर्यंत जातात, मोजून बावीस पावलं.

निशिगंधा (गुरुवार, रात्री ११:१५)

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दोन दिवस कागद गोळा केले. आता दोन भेटी ठरल्या आहेत. फीची काळजी आहे, पगार बंद आहे आणि साठवलेलं बाळंतपणात गेलं. फी कशी ठरवायची?

सरिता_कसबा (शुक्रवार, सकाळी ६:५०)

ताई, स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, दिव्यांग यांनाही उत्पन्न न बघता मिळतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आधी १५१०० वर फोन करून विचारता येतं. मी धुणीभांडी करते, माझ्या मुलीच्या पोटगीसाठी गेले होते. अर्ज, आधार कार्ड आणि प्रकरणाचे कागद घेतले. जी वकीलबाई मिळाली तिने एक रुपया घेतला नाही. पण दर तारखेला मी आधी जाऊन बसायची, तिला आदल्या दिवशी फोन करायची. आपण मागे लागलो तर काम होतं.

जुना_कामगार (शुक्रवार, सकाळी ८:००)

सरिताताईंनी बरोबर सांगितलं. खासगी वकील केलात तर पूर्ण प्रकरणाची फी टप्प्यांनी ठरवा: अर्ज दाखल झाल्यावर एवढी, पुरावा झाल्यावर एवढी, युक्तिवादाला एवढी. दर तारखेला पैसे ठरवलेत तर तारखाच वाढतात. पैसे बँकेतून द्या, पावती मागा. मागताना संकोच करू नका, ती तुमच्या घामाची कमाई आहे.

काळा_कोट (शुक्रवार, सकाळी ८:४५)

आणखी एक प्रश्न दोघांनाही नक्की विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. तेव्हा माझं प्रकरण कुठल्या कायद्याखाली, कुठल्या दारात, किती दिवसांत? जुन्या प्रकरणांवर जुना कायदा आणि नव्यांवर नवा, हे वकिलाच्या जिभेवर असायला हवं. उत्तर गोल आलं, किंवा 'ते आम्ही बघू' असं आलं, तर चहा पिऊन उठा. 'मला उद्या संध्याकाळपर्यंत वाचायला वेळ द्या' असं कोणी म्हणालं तर तो मात्र चांगला माणूस समजा.

निशिगंधा (शनिवार, दुपारी ३:३०, तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय. बाळाला ताप होता.

आधी काकांनी सांगितल्याप्रमाणे एक सकाळ कामगार न्यायालयात जाऊन बसले. आईला बाळाकडे ठेवलं होतं. साडेदहा ते एक. एका वयस्कर बाईंचा उलटतपास चालला होता. कंपनीचे वकील त्यांना सारखे 'हो किंवा नाही सांगा' म्हणत होते. त्यांच्या वकीलबाई शांतपणे उठल्या, फाइलमधून पिवळी चिठ्ठी लावलेलं पान काढलं आणि म्हणाल्या, 'साहेब, साक्षीदाराला कागद दाखवून प्रश्न विचारावा.' एवढंच. पण त्या बाईंचा चेहरा बदललेला मी पाहिला. बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांना विचारलं, त्यांनी नाव सांगितलं. घरी येऊन ई-कोर्ट्सवर पाहिलं. मग ठरलेल्या दोन भेटींत या तिसरीची भर घातली.

पहिल्या वकिलांनी कागद चाळले आणि 'दोन महिन्यांत परत नोकरीवर लावतो' म्हणाले. कुठल्या कायद्याखाली विचारल्यावर चिडले. दुसरे फार सज्जन, त्यांनी आपणहून सांगितलं की आमच्या कंपनीच्या समूहातल्या दुसऱ्या कंपनीचं काम त्यांच्या ऑफिसात आहे, त्यामुळे घेता येणार नाही. असं स्पष्ट सांगितलं याचा मला आदर वाटला.

तिसऱ्या म्हणजे त्या वकीलबाई. त्यांच्याकडे पोचले तेव्हा त्या जेवत होत्या, डबा बाजूला सारून बसा म्हणाल्या. मी कागदांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी सगळ्यात आधी पत्राची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. काळा_कोट यांनी लिहायला लावलेलं ते तासातासाचं पान त्यांनी दोनदा वाचलं. एका ओळीखाली रेघ मारली: 'आठवड्याचा तक्ता भरणे.' म्हणाल्या, 'तुम्ही देखरेख करत होतात असं ते इथून म्हणणार. तक्ता भरून कोणाकडे पाठवायचात?' मॅनेजरकडे, असं सांगितल्यावर तसं जास्तीचं वाक्य लिहायला लावलं. मग छापलेल्या राजीनाम्याबद्दल विचारलं. त्याची प्रत माझ्याकडे नाही म्हटल्यावर त्या जरा गप्प झाल्या. म्हणाल्या, 'ही आपली कच्ची बाजू आहे. त्या खोलीत काय झालं याला तुमच्या शब्दाशिवाय आत्ता काही नाही.'

तेवढ्यात मला आठवलं. त्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी, टॉयलेटला जाते म्हणून बाहेर आले तेव्हा, मी नवऱ्याला मेसेज केला होता. 'राजीनाम्यावर सही मागतायत. माझं आडनावही चुकलंय त्यात. बाळाला फॉर्म्युला दे.' फोन काढून दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत वाचला. म्हणाल्या, 'हा फोन आता कोणाला देऊ नका, बदलू नका, पाण्यात पाडू नका.'

फी टप्प्यांनी ठरली. मोफत विधी सेवेचा पर्यायही त्यांनीच परत सांगितला, तिथून आलात तरी तुमचं प्रकरण चांगलं लढलं जाईल म्हणाल्या. मी त्यांच्याकडेच राहायचं ठरवलं. बक्षिसाचे मिळालेले पैसे मोडून पहिला टप्पा बँकेतून भरला, पावती तिथल्या तिथे मिळाली. वकीलपत्रावर सही करायच्या आधी त्यांनी ते पूर्ण वाचायला लावलं. प्रसूती रजेबद्दलचा अर्ज ३८ व्या दिवशी दाखल झाला. वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयातही समेटासाठी अर्ज दिला, त्याची पोच शिक्क्यासह माझ्याकडे आहे. परवा कंपनीने हिशेबाची रक्कम खात्यात टाकली. कुठलीही सही न मागता.

सासरे काल म्हणाले, 'तारखेला मी येऊ का बरोबर?' मी हो म्हटलं.

कामगार आयुक्त कार्यालयातली पहिली तारीख येत्या गुरुवारी आहे, सकाळी ११ ला. तिथे नेमकं काय होतं? कंपनीची माणसं समोर बसतात का? त्या तिघांचे चेहरे परत बघायचे आहेत या विचारानेच पोटात गोळा येतोय.

पारिजात (शनिवार, दुपारी ४:१०)

बहुतेक त्या तिघांपैकी कोणी येणार नाही, कंपनीचा वकील किंवा दुसरा एखादा अधिकारी येईल. अधिकारी दोघांना एका टेबलाशी बसवून तडजोड होते का विचारतात. काही कबूल करायची किंवा सही करायची सक्ती नसते. रक्कम सांगितली तर 'वकिलांना विचारून सांगते' एवढंच म्हणा.

जुना_कामगार (शनिवार, संध्याकाळी ५:२०)

ताई, मी वाकडेवाडीला गुरुवारी पावणेअकराला येतो. मुंबई-पुणे रस्त्याच्या बाजूला झाडाखाली थांबेन, हातात खाकी फाइल आणि डोक्यावर पांढरी टोपी असेल. सासऱ्यांनाही घेऊन या, त्यांच्याशी बोलायचंय. बाळाला आणणार असाल तर पाण्याची बाटली घ्या, तिथे बराच वेळ बसावं लागतं.